त्यांची तीन वर्षं

पडदा उलगडला की आधी वास येतो. जुन्या रेशमाचा वास नेमका कशासारखा असतो हे मला अजून नीट सांगता येत नाही. बंद कपाटासारखा, थोडा गंजासारखा आणि, का कोण जाणे, थोडा माझ्या लेकीच्या टाळूसारखा. हे मी एकदा लॅबमध्ये बोलून बसले आणि तेव्हापासून सुतारकाका मला "टाळूवाली" म्हणतात.

त्या सकाळी आम्ही दोघांनी पडदा लांब टेबलावर हातभर उलगडला आणि खालचा पांढरा टिश्यू कागद अलगद ओढून पाहिला. कागदावर काळी भुकटी होती. फार नाही, चिमूटभर मिरपूड सांडावी तेवढी.

"परत?" काका म्हणाले.

"परत."

"आणि पुढच्या महिन्यात ह्याला विमानात बसवायचंय."

भुकटी मऊ ब्रशने गोळा करून काचेच्या बाटलीत भरली. ती भुकटी म्हणजे मिरवणुकीतल्या काळ्या घोड्याचं पोट होतं.

पडद्यावर एक लांबलचक मिरवणूक आहे. लाल, निळा, पिवळा हे सगळे रंग अजून ठणठणीत आहेत. फक्त काळा नाही. जुन्या काळ्या रंगात लोखंड असायचं आणि ते लोखंड आतल्या आत रेशीम खात राहतं. त्यामुळे जे जे काळं, ते ते झडतंय. मिरवणुकीतल्या निम्म्या लोकांच्या भुवया गेल्यात, त्यामुळे सगळे कायम आश्चर्यचकित दिसतात. मी महिनोन्‌महिने, आठवा महिना संपेपर्यंत, पोट टेबलाला टेकवून त्या घोड्याचे मागचे पाय केसासारख्या दोऱ्याने खालच्या आधाराच्या कापडाला टाचत होते. माझी लेक ठमी आतून लाथा मारायची आणि सुई थांबवावी लागायची.

हा पडदा एके काळी आमच्या जुन्या सभागृहात लटकत असे. समुद्रापलीकडून त्यांचं राज्य आलं तेव्हा त्यांनी तो उतरवला, जहाजात घातला आणि नेला. मग राज्य गेलं, पडदा तिकडेच राहिला. तो मिळावा म्हणून आमच्याकडच्या तीन पिढ्या अर्ज करत बसल्या. शेवटी माझ्या लग्नाच्या सुमारास करार झाला. करारात "परत" हा शब्द कुठेच नाही. "संयुक्त वारसा" आहे, "समान भागीदारी" आहे. पडदा दोघांचा. तीन वर्षं आमच्याकडे, तीन वर्षं त्यांच्याकडे, पुन्हा आमच्याकडे. आईबाप वेगळे झाल्यावर पोराची पिशवी इकडून तिकडे जात राहते, तसं.

पहिली मुदत आमची होती. तेव्हा त्यांच्या संग्रहालयातली एक कापडतज्ज्ञ बाई म्हणाली होती की काळं रेशीम कुजलंय, हा प्रवासाला योग्य नाही, पाठवू नका. झालं! आमच्याकडे आग लागली. पेपरांत मथळे आले, मोर्चे निघाले. पडदा आला. पेटी उघडली तेव्हा ती बाईही पडद्यासोबत आली होती, त्यांच्या नियमाप्रमाणे. हमालांनी रोल उचलला आणि ती तिच्या भाषेत ओरडत राहिली, हमालांना काही कळलं नाही. टेबलावर उलगडल्यावर घोड्याचे मागचे पाय तुकड्यांत कागदावर तसेच राहिले आणि कापड पुढे गेलं. पेपरांत हे कुणी सांगितलं नाही. जायच्या आधी तिने काकांकडून आमचा एक शब्द शिकून घेतला: "हळू."

आम्ही तिला "पलीकडची" म्हणतो. उद्या ती येणार होती. दोघींनी मिळून पडदा तपासायचा आणि एकाच कागदावर दोघींनी सही करायची, योग्य किंवा अयोग्य.

दुपारी संचालकांनी बोलावलं. तसंही मला त्यांच्या खोलीत जायचंच होतं. लॅबच्या फ्रीजरमध्ये खाण्यापिण्याचं काही ठेवायला बंदी आहे, तिथे फक्त कीड लागलेली कापडं गोठवतात. म्हणून ठमीचं दूध संचालकांच्या फ्रीजमध्ये, पाहुण्यांच्या सरबताच्या बाटल्यांशेजारी असतं. माझ्या बाटलीवर त्यांनी स्वतःच्या हाताने "हे नाही" अशी चिठ्ठी चिकटवली होती.

"बसा. ठमी कशी आहे?"

"दात येतायत, सर."

"म्हणजे तुम्ही झोपलेल्या नाही."

"नाही."

"मीही नाही. माझे दात गेले, आता पलीकडून पत्रं येतायत." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तीन वर्षांपूर्वी मी याच खिडकीत उभा राहून खाली जमलेल्या लोकांना काय म्हणालो होतो, आठवतंय?"

आठवत होतं. सगळ्यांनाच आठवत होतं. शंभर वर्षं लटकवला तेव्हा कुजला नाही, द्यायची वेळ आली तेव्हाच कसा कुजला? केवढ्या टाळ्या पडल्या होत्या.

"आता तेच वाक्य ते मला ऐकवणार," संचालक म्हणाले. "जसंच्या तसं. आणि मी खाली मान घालून ऐकणार."

"पण सर, तो खरंच कुजलाय."

"तेव्हाही खरंच कुजला होता. मला काय कळत नव्हतं?" त्यांनी चष्मा परत लावला. "बाई, त्यांनी नेलेल्यांच्या यादीत अजून चारशे वस्तू आहेत. मूर्ती आहेत, पोथ्या आहेत. हा पडदा वेळेवर गेला तर पुढचं बोलणं होईल. नाही गेला तर ते म्हणतील, बघा, हातात दिलं की धरूनच बसतात. मग चारशे वस्तू विसरायच्या. तुम्ही लिहा, योग्य काळजी घेतल्यास प्रवास शक्य."

"योग्य काळजी म्हणजे काय, सर?"

"ते आजवर कुणी विचारलेलं नाही."

त्यांचा राग करावा असं मनात आलं, पण तेवढी ताकद नव्हती. त्यांच्यातही नव्हती. मी बाटली पिशवीत घातली आणि निघाले.

घरी सासूबाई ठमीला मांडीवर घेऊन केळं कुस्करत होत्या. ठमीच्या हातात माझ्या पिशवीचा पट्टा, तो पट्टा तोंडात, आणि तोंडातून लाळेची धार सरळ सासूबाईंच्या मनगटावर.

"कधी जातोय तुझा पडदा?"

"बघू."

"बघू काय? मी त्याच्यासाठी मोर्च्यात चाललेय. उन्हात. गुडघ्याने तेव्हा जो असहकार पुकारलाय तो आजतागायत मागे घेतलेला नाही. आणि आता तुम्ही देऊन मोकळे होणार?"

"करारातच आहे, आई. तीन-तीन वर्षं."

"मग मोर्च्यात तसं सांगायचं होतं. 'तीन वर्षांसाठी द्या हो' म्हणून कोण ओरडलं असतं?"

मला हसू आलं. हसता हसता डोळे मिटले आणि क्षणभर तशीच बसून झोपले असेन, कारण डोळे उघडले तेव्हा ठमी माझ्या मांडीवर होती आणि सासूबाई समोर चहाचा कप धरून उभ्या होत्या.

"नाही पाठवला तर?" त्यांनी विचारलं.

"ते म्हणतील आम्ही खोटं बोलतोय."

"म्हणू देत. आपणही म्हटलंच होतं की." मग त्यांनी कप माझ्या हातात दिला. "माझ्या फलकावर 'बहाणे बंद करा' असं होतं. अक्षर माझंच. खरंच कुजला होता का तो तेव्हा?"

"हो."

"कुणी सांगितलं का नाही मग?"

"कोण ऐकणार होतं, आई?"

"हे मात्र खरं," त्या म्हणाल्या आणि केळ्याची वाटी घासायला घेऊन गेल्या.

पलीकडची दुसऱ्या दिवशी सकाळी आली. केस आधीपेक्षा पिकलेले, डोळ्यांखाली माझ्यासारखीच काळी वर्तुळं. काकांना पाहताच ती आमच्या भाषेत म्हणाली, "हळू!" आणि काकांनी कमरेत वाकून तिला मुजराच केला. मग आम्ही दोघींनी कामाला सुरुवात केली. आम्ही तिच्याच भाषेत बोलतो, कारण आमची तिला येत नाही आणि तिची आम्हा शिकलेल्या सगळ्यांना येते. ती कशी आणि कधीपासून येते, हा विषय आम्ही काढत नाही.

भिंगाखाली तिने घोड्याचे पाय पाहिले. बराच वेळ पाहिले.

"हे टाके तुझे?"

"हो."

"सुंदर आहेत." मग भिंग डोळ्यावरून न काढताच म्हणाली, "पण पोट चाललंय."

"चाललंय."

दुपारी आम्ही मागच्या पायऱ्यांवर डबा घेऊन बसलो. तिने मला तिच्या चार वर्षांच्या मुलाचा फोटो दाखवला, मी तिला ठमीचा. मुलगा तोंडभर रंग फासून बसला होता.

"तुझे साहेब काय म्हणतात?" तिने विचारलं.

"योग्य लिही. तुझे?"

"योग्य लिही. दालन रंगवून झालंय, तिकिटं विकली गेलीयत." तिने पावाचा तुकडा मोडला आणि न खाता हातातच ठेवला. "आमच्याकडे मोर्चापण निघाला. छोटासा. म्हणे, इतकी वर्षं आपण सांभाळला, आता ठरल्याप्रमाणे आणा. बहुतेक आज्याच होत्या. फलक घेऊन."

"माझ्या सासूची आणि त्यांची ओळख करून द्यायला हवी."

ती हसली. मी अयोग्य लिहिलं तर मी खोटारडी. तिने लिहिलं तर ती फितूर. दोघींनी योग्य लिहिलं तर घोडा, कुत्रा, छत्र्या, उरलेल्या भुवया, सगळं विमानात कुठेतरी भुकटी होणार आणि पेटी उघडणाऱ्याला ते ब्रशने गोळा करावं लागणार. बहुधा तिलाच.

"मागे तू लिहिलं होतंस," मी म्हटलं. "लिहून काय झालं?"

"कुणी वाचलं नाही."

"मग दाखवू या."

काय म्हणायचंय ते तिला लगेच कळलं, आणि तिचा चेहरा पडला. लॅबमध्ये पडदा जाड रुळावर सैल असतो, पण प्रवासासाठी तो बारीक नळीवर घट्ट गुंडाळावा लागतो. थोडासा भाग तसा गुंडाळून परत उलगडायचा, साहेबांच्या डोळ्यांदेखत. पण गुंडाळला म्हणजे तो भाग गेला. पडदा किती नाजूक आहे हे सिद्ध करायला पडद्याचाच एक तुकडा द्यावा लागणार होता.

कुठला द्यायचा, हे ठरवायला आम्हाला उरलेली दुपार लागली. टेबलाच्या दोन बाजूंना दोघी उभ्या, मध्ये मिरवणूक. घोडा नको. मधली माणसं नकोत. एका कडेला काळं कुत्रं आहे, मागे वळून बघणारं. आकाराने लहान, कडेला, सोयीचं.

"कुत्रा नको," ती म्हणाली.

"नकोच," मी म्हटलं.

शेवटी छत्री निवडली. मिरवणुकीच्या शेपटाला एक माणूस काळी छत्री धरून चाललाय. त्या छत्रीखाली कुणीच नाही. कोणावर धरलीय कोण जाणे. मी त्या छत्रीचे फोटो काढले, सगळ्या बाजूंनी, आणि ती मला दिवा धरून देत होती. घरी आल्यावर ठमीला पाजताना मला एकाएकी रडू फुटलं. नवऱ्याने विचारलं काय झालं. मी म्हटलं, छत्री. त्याने माझ्या पाठीमागे उशी सरकवली.

दुसऱ्या दिवशी आमचे संचालक खुर्ची ओढून बसले, त्यांचे संचालक भिंतीवरच्या स्क्रीनवर, व्हिडिओत. दोन्हीकडचे वकील, दोन्हीकडची पाण्याची बाटली. काकांनी नळी धरली. आम्ही दोघींनी कापड एक वेढा गुंडाळलं, थांबलो आणि उलगडलं. ती सारखी पुटपुटत होती, "हळू, हळू."

पांढऱ्या कागदावर छत्री होती. छत्री म्हणजे छत्रीच्या आकाराची काळी भुकटी. कापडावर माणूस नुसता दांडा धरून उभा.

"कॅमेरा जवळ नेता का?" त्यांचे संचालक म्हणाले.

मी नेला. त्या हवेने सुद्धा भुकटी हलली. आमच्या संचालकांनी चष्मा काढला आणि बराच वेळ रुमालाने पुसत राहिले.

"हे आधी का कळवलं नाही?" भिंतीवरून प्रश्न आला.

आमच्या संचालकांनी मला वाटलं त्यापेक्षा मोठं मन केलं. ते म्हणाले, "कळवलं होतं. ह्या बाईंनीच. तुम्ही तेव्हा ह्यांच्याआड लपलात आणि मी ह्यांच्यावर ओरडलो." एवढंच. मग परत चष्मा लावला.

दोघींनी "अयोग्य" वर सही केली. पडदा कुठे जाणार नव्हता. मला वाटलं, संपलं.

पण सह्या झाल्यावर वकिलांचं काम सुरू झालं. कापड हलू शकत नाही हे सगळ्यांना मान्य होतं. पण मुदत? मुदत तर हलू शकते. त्यांची तीन वर्षं कागदावर होती, तिकिटं विकलेली होती, आज्या रस्त्यावर होत्या. ती तीन वर्षं सोडून दिली तर करार मोडला, आणि करार मोडला तर चारशे वस्तू. दोन दिवस घासाघीस चालली. आत काय चाललंय ते काका दारातून कान देऊन ऐकायचे आणि येऊन सांगायचे, "अजून कुणी कुणाला मारलं नाही."

तिसऱ्या दिवशी निकाल लागला. पडदा इथेच राहील. पण पुढची तीन वर्षं तो त्यांच्याकडे असेल. म्हणजे आमच्याच इमारतीत, आमच्याच त्याच खोलीत, पण खोली त्यांची. दारावर त्यांच्या संग्रहालयाची पाटी, त्यांचं कुलूप, कॅमेऱ्यातून त्यांच्या शहरात थेट दर्शन. आत जायला त्यांची परवानगी. आमच्यासकट सगळ्यांना.

"भागीदारीचा नवा आदर्श," असं आमच्या संचालकांनी पत्रकारांना सांगितलं. मी मागे उभी होते. आवाजात मात्र त्या जुन्या खिडकीतला जोर नव्हता. नंतर जिन्यात ते मला म्हणाले, "चारशे वस्तूंचं बोलणं सुरू राहील. तुमचा घोडा इथेच राहील. अजून काय करणार होतो आपण?"

काकांनी आमची पाटी उतरवली आणि त्यांची लावली. चारही स्क्रू नीट पिळले, पाणसळ लावून पाटी सरळ आहे का ते पाहिलं. "दुसऱ्याची असली म्हणून वाकडी लावायची नसते," असं स्वतःशीच म्हणाले, पण स्क्रूड्रायव्हर पेटीत जरा जोरातच टाकला.

सासूबाईंना समजावून सांगायला वेळ लागला.

"म्हणजे आपल्याच घरात त्यांची खोली?"

"हो."

"आणि झाडू तू मारणार."

"हो."

"पण आत जाताना दार वाजवणार."

"हो, आई."

त्यांनी ठमीकडे पाहिलं. "ऐकलंस का ग? ह्याच्यासाठी तुझ्या आजीने गुडघा दिला."

आता माझ्या फोनवर एक अॅप आहे. त्यात तीन रकाने भरायचे: कोण, कारण, किती वेळ. मंजुरी पलीकडची देते. तेच तिचं काम ठरलंय. पहिल्या दिवशी मी लिहिलं, "धूळ तपासणी." दुसऱ्या दिवशी, "आर्द्रता." ज्या खोलीत मी तीन वर्षं चपला काढून, श्वास आवरून वावरले, त्या खोलीबाहेर फोन हातात घेऊन उभी राहायची. आमची सकाळ असते तेव्हा तिकडे पहाट असते, त्यामुळे थांबावं लागतं.

एकदा खोलीतलं हवा कोरडी ठेवणारं यंत्र अडलं. दाराबाहेरच्या काचेच्या चौकटीत दमटपणाचा आकडा वर सरकताना दिसत होता आणि मी बाहेर. अर्ज पाठवला. काका म्हणाले, कुलूप तोडू का, माझ्याकडे छिन्नी आहे. मी नको म्हटलं. दमटपणा वाढला की काळं रेशीम अजून भराभर जातं. आकडा आणखी सरकला, आणि फोन वाजला. "पोराला ताप आहे, जागीच होते. पळ!" कुलूप सुटलं. काकांनी पाण्याची तबकडी ओतली, झडप साफ केली, आणि यंत्र कुरकुरत चालू झालं. मी घोड्यासमोर उभी राहून त्याचं पोट पाहत राहिले. पोट जागेवर होतं. पाय जागेवर होते. मी तिला लिहिलं, सगळं ठीक. ताप किती? तिने लिहिलं, उतरतोय.

परवा शुक्रवारी काहीच काम नव्हतं. धूळ नाही, आकडा बरोबर, यंत्र चालू. तरी मी अर्ज भरायला घेतला. कारणाच्या रकान्यात बोट थांबलं. मग लिहिलं, "नुसतं बघायला." किती वेळ, दहा मिनिटं. पाठवल्यावर वाटलं, नको होतं. हे सगळं नोंदलं जातं, वर कुणीतरी वाचतं. तिच्यावरही येईल.

जरा वेळाने मंजुरी आली. कारण तसंच होतं. दहा मिनिटं खोडून तिने अर्धा तास केला होता.

मी वीसच मिनिटं थांबले. घरी ठमी उठायची वेळ झाली होती.